अ‍ॅनालॉग सिंथ घ्यावा की त्याची डिजिटल नक्कल? मराठवाड्यातल्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्केस्ट्रा, भीमगीतांच्या पार्ट्या, भजनी मंडळं, हळदीचे कार्यक्रम आणि आता घरच्या खोलीत चालणारं रेकॉर्डिंग, या सगळ्यांतून एकच विचारणा येते: खरा अ‍ॅनालॉग सिंथ (सर्किटमधून आवाज काढणारा सिंथेसायझर) घ्यायचा, की लॅपटॉपवरच्या प्लगइनवर (त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भागवायचं? आमचं मत आधीच सांगतो. आवाजात फरक आहे, पण तो आता बारीक उरला आहे. मराठवाड्यात निर्णय खऱ्या अर्थाने ठरतो तो वीज, ऊन, धूळ आणि दुरुस्ती यांवर. म्हणून खाली या चार गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

अ‍ॅनालॉग सिंथमध्ये नेमकं होतं काय, आणि नक्कल कशाची केली जाते?

अ‍ॅनालॉग सिंथमध्ये आवाज म्हणजे सर्किटमधला हलता व्होल्टेज. ऑसिलेटर तरंग तयार करतो, फिल्टर त्यातला वरचा भाग कापतो, अ‍ॅम्प्लिफायर आवाजाला सुरुवात-शेवट देतो. या प्रत्येकाला दुसरा व्होल्टेज हुकूम देतो. बऱ्याच यंत्रांत एका सप्तकाला १ व्होल्ट असा हिशेब असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. १९७० साली आलेला मिनीमूग हा याचा नमुना: तीन ऑसिलेटर, ट्रान्झिस्टरच्या शिडीसारखा रचलेला २४ डेसिबलचा फिल्टर, एका वेळी एकच स्वर.

नक्कल करणारं सॉफ्टवेअर हीच साखळी गणिताने सोडवतं, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा (हाच सॅम्पल रेट), आणि चांगलं असेल तर आतल्या आत त्याच्याही कितीतरी पट वेगाने. काही प्लगइन फक्त ढोबळ आकार उतरवतात, काही सर्किटचं समीकरण प्रत्येक क्षणाला नव्याने सोडवतात. दुसऱ्या प्रकाराला प्रोसेसर जास्त लागतो. यू-ही कंपनीचा दिवा हा याच जातीचा, आणि जुन्या लॅपटॉपला तो जड का जातो याचं कारणही हेच.

माझा स्टेजवरचा कीबोर्ड अ‍ॅनालॉग आहे का?

नाही. आपल्याकडे लग्नात-जयंतीत दिसणारे यामाहा, कोर्ग, रोलँडचे अरेंजर कीबोर्ड रेकॉर्ड केलेले नमुने वाजवतात. त्यातला ‘सिंथ ब्रास’ किंवा ‘अ‍ॅनालॉग पॅड’ हा कुणीतरी टिपून ठेवलेला आवाज आहे. तो अ‍ॅनालॉग नाही आणि सर्किटची नक्कलही नाही. फिल्टरचा नॉब फिरवलात की फरक लगेच कळतो. जुना म्हणजे अ‍ॅनालॉग असंही नाही: १९८३ चा यामाहा डीएक्स-७ पूर्ण डिजिटल आहे.

खरेदी करताना खोक्यावरच्या नावाने फसू नका. रोलँडच्या छोट्या बुटीक मालिकेतला जेयू-०६ए डिजिटल आहे, पण त्याच मालिकेतला एसई-०२ खरा अ‍ॅनालॉग आहे. कोर्ग मिनीलॉग एक्सडीमध्ये दोन ऑसिलेटर अ‍ॅनालॉग आहेत, तिसरं इंजिन आणि इफेक्ट डिजिटल.

डीसीओ आणि व्हीसीओ यात काय फरक?

हे ऑसिलेटरचे दोन प्रकार. व्हीसीओमध्ये सूर व्होल्टेज ठरवतो, म्हणून तो तापमानाने सरकतो. डीसीओमध्ये सूर क्रिस्टलच्या घड्याळावरून मिळतो, तरंग मात्र अ‍ॅनालॉग सर्किटच बनवतं. रोलँड ज्युनो-१०६ (१९८४) हा डीसीओवाला. त्याचा सूर उन्हात हलत नाही, फिल्टर थोडा हलतो. मराठवाड्याच्या हवामानात स्टेजवर अ‍ॅनालॉग न्यायचाच असेल, तर डीसीओवाल्याकडे आधी बघा.

फरक ऐकू येतो तो नेमका कुठे?

एक स्वर दाबून धरला, फिल्टर मधोमध ठेवला, तर अनुभवी कानालाही सहसा सांगता येत नाही. फरक पुढच्या जागी सापडतो.

रेझोनन्स (कापण्याच्या जागेवरचा उठाव) वर नेऊन कट-ऑफ (फिल्टर कुठून कापतो ती जागा) हळूहळू फिरवा. शिडीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढला की खालचा बेस पातळ होतो, आणि फिल्टर शिट्टी मारायच्या बेताला आला की सिग्नलच्या जोरानुसार ती शिट्टी दबते, उसळते. हलक्या नकलेत ही उसळ नसते, शिट्टी सुटी, आवाजाच्या वर तरंगल्यासारखी ऐकू येते. ऑसिलेटरची पातळी वाढवून फिल्टरला जास्त सिग्नल दिलात की हे आणखी उघडं पडतं.

दुसरी जागा वरच्या सप्तकाची. डिजिटलमध्ये जे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वर जातात ते उलटून खाली येतात. १,९०० हर्ट्झच्या करवती तरंगाचा २४ वा हार्मोनिक ४५,६०० हर्ट्झला असतो. ४८ किलोहर्ट्झवर तो थेट सोडला तर २,४०० हर्ट्झला ऐकू येईल, आणि तो त्या स्वराशी जुळणारा नसेल. ओळखायची सोपी खूण: वरचा स्वर धरून पिच-बेंड वर न्या. मुख्य स्वर वर जात असताना मागे एखादी बारीक किरकिर खाली सरकत असेल, तर ते हेच. चांगली प्लगइन हे टाळण्यासाठीच ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त वेगाने हिशेब, करतात. प्लगइनमध्ये ‘क्वालिटी’ नावाचा पर्याय असेल तर तुलना करताना तो वर ठेवा, नाहीतर नकलेवर अन्याय होतो.

तिसरी जागा, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: स्वराची सुरुवात. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर सतत चालू असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी कळ दाबली की तरंग वेगळ्या जागेवरून सुरू होतो. तोच बेस आठ वेळा वाजवला तर आठही ठोके किंचित वेगळे लागतात. काही प्लगइन दर वेळी तरंग शून्यापासून सुरू करतात, आणि आठही ठोके शिक्का मारल्यासारखे एकसारखे येतात. बहुतेक प्लगइनमध्ये हे बदलता येतं. ‘रीट्रिगर’ बंद करा किंवा ‘फ्री रन’ चालू करा. ‘प्लगइन मेलेलं वाटतं’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच पॅचमध्ये (आवाजाच्या सेटिंगमध्ये) दोष एवढाच निघतो.

पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजणाऱ्या, यंत्रात प्रत्येक आवाजाचं सर्किट जरा वेगळं असतं, म्हणून कॉर्ड रुंद वाटतो. नकलेतही याची सोय असते: दिवामध्ये प्रत्येक आवाजाचे ट्रिमर (बारीक जुळवणीचे नॉब) आहेत. उलट, २०२० साली पुन्हा आलेल्या प्रॉफेट-५ मध्ये निर्मात्यांनी मुद्दाम ‘व्हिंटेज’ नावाचा नॉब दिला, कारण नवं सर्किट फारच नेमकं चालत होतं.

मंडपात हा फरक कळतो का?

नाही. दोन बाजूला १८ इंची बेसचे डबे, समोर ढोलकी आणि ऑक्टोपॅड, मिक्सरवर सगळं लाल. तिथे ऐकणाऱ्याला नक्कल कळत नाही. वादकाला मात्र नॉब हाताशी असण्याचा फरक कळतो. लॅपटॉपला नॉब-स्लायडर असलेला मिडी कंट्रोलर (स्वतः आवाज न करता फक्त हुकूम पाठवणारं यंत्र) जोडला की त्यातला मोठा भाग भरून निघतो. माउसने कट-ऑफ फिरवून कुणीही जीव ओतून वाजवू शकत नाही.

घरच्या घरी प्रामाणिक तुलना कशी करायची?

यूट्यूबवरच्या तुलना बहुधा एका कारणाने निकामी असतात: दोन्ही आवाजांची पातळी सारखी नसते. जो जरा मोठा तो कानाला चांगला वाटतो. म्हणून असं करा.

१. हार्डवेअर अर्धा तास आधी चालू ठेवा.
२. दोन्हींवरचे इफेक्ट बंद करा. रिव्हर्ब आणि कोरस सगळे दोष झाकतात.
३. एकाच मिडी फाईलवरून दोन्ही वाजवा. हाताने वाजवलं तर तुलना तुमच्या बोटांची होते. मूळ मिनीमूगसारख्या मिडी नसलेल्या यंत्राला मिडी-ते-सीव्ही कन्व्हर्टर (मिडीच्या हुकुमाचं व्होल्टेज करणारा) लागतो.
४. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास.
५. नॉबचे आकडे जुळवू नका, आवाज जुळवा. पॅनेलवर दोन्हीकडे कट-ऑफ ५ वर असला तरी हर्ट्झ वेगळे असतात. रेझोनन्स पूर्ण वाढवून फिल्टरला शिट्टी मारू द्या, ट्यूनरवर तिचा सूर बघा आणि दुसरीकडे तोच सूर आणा. कट-ऑफ जुळला.
६. सरासरी पातळी मीटरवर ०.२ डेसिबलच्या आत आणा.
७. फूबार-२००० मध्ये एबीएक्स नावाची जोड मिळते. तिच्यावर डोळे झाकून १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं म्हणता येईल, कारण निव्वळ नशिबाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे.

आठ-नऊच बरोबर आले तर त्या पॅचपुरता तुमच्यासाठी फरक नाही, आणि त्या पैशांत चांगले मॉनिटर स्पीकर येतात.

एप्रिल-मेमध्ये माझ्या अ‍ॅनालॉगचा सूर का उतरतो?

व्हीसीओमध्ये व्होल्टेजचं सूरात रूपांतर ट्रान्झिस्टर करतो. त्यातला प्रवाह दुप्पट व्हायला, म्हणजे सूर एक सप्तक चढायला, २५ अंशांना त्याच्या टोकांवर साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात. हा आकडा तापमानासोबत वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. परभणीत संध्याकाळी २८ अंशांना सूर लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४१ अंशांना वाजवायला बसलात, तर १३ अंशांचा फरक म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. कसलीच भरपाई नसलेल्या सर्किटमध्ये संदर्भ स्वरापासून तीन सप्तक वरचा सूर जवळपास दीड अर्धस्वर उतरलेला मिळेल.

नीट बनवलेल्या यंत्रात ही भरपाई असते: तापमानासोबत त्याच प्रमाणात बदलणारा रेझिस्टर, किंवा सीईएम-३३४० सारख्या चिपमध्ये आतच केलेली सोय. मग चूक काही सेंटवर येते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पण भरपाई करणारा भाग आणि ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला असतील तरच ती लागू पडते. थेट ऊन एका बाजूने पॅनेलवर पडलं, किंवा टेबल फॅनचा झोत मागच्या जाळीतून आत गेला, की दोघांचं तापमान वेगळं होतं आणि सूर भटकतो. स्थिर ४१ अंश परवडले, पण २८ वरून ४१ वर चढत जाणारी दुपार फार त्रास देते. हळदीच्या कार्यक्रमात मंडपाच्या कडेला, कापडाच्या फटीतून ऊन येतं तिथे सिंथ लावू नका. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.

मग सूर लावायचा कसा?

तबलजी जसा कार्यक्रमाच्या जागी बसून हातोडी लावतो, तसा हाही वाजवायच्या जागीच लावायचा. घरून लावून नेलेला सूर टिकत नाही.

चालू करून २० ते ३० मिनिटं तापू द्या. एकच ऑसिलेटर ऐकू येईल असं ठेवा. हार्मोनियमवर काळी एक धरा, नाहीतर ट्यूनरवर २७७.२ हर्ट्झ. मुख्य ट्यूनच्या नॉबने सिंथचा तोच स्वर जुळवा. दोन स्वरांमध्ये ‘वाव-वाव’ ऐकू येते ती मंद होत थांबली की सूर लागला. सेकंदाला दोन वेळा वाव म्हणजे दोन हर्ट्झची चूक. आता एक सप्तक वर जा. तिथे चूक दिसली तर ती मुख्य नॉबने काढायची नाही. ती स्केलची चूक असते, आणि तिचा ट्रिमर वेगळा असतो. वरचा जुळवला की खालचा हलतो, म्हणून तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. ट्रिमरला प्लास्टिकचा पेचकस वापरा. हे झाल्यावर दुसरा ऑसिलेटर पहिल्याशी जुळवा.

प्रॉफेट-५ सारख्या यंत्रात ट्यूनचं बटण दाबलं की यंत्र स्वतःच हे करतं. प्लगइनला यातलं काही लागत नाही. काळी पाचवर गाणारा गायक आयत्या वेळी पांढरी चारवर आला, तर ट्रान्सपोजवर काम होतं.

राग, मींड, श्रुती यांसाठी कोणतं चांगलं?

संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या सिंथ-रिदम यंत्रांवर रागांचा आख्खा अल्बम केला. त्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मॉड्युलर सिंथ आला होता. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे.

मींडेसाठी एका वेळी एकच स्वर वाजणारा अ‍ॅनालॉग फार गोड लागतो. साध्या सर्किटमधली ग्लाइड सुरुवातीला वेगात जाते आणि स्वराजवळ आल्यावर मंद होते, गळ्यासारखी. काही प्लगइनमध्ये ग्लाइड सरळ रेषेत जाते आणि स्वरावर आपटते. सेटिंगमध्ये वक्र बदलायची सोय असेल तर ती वापरा. लेगाटो चालू ठेवा, म्हणजे कळ न सोडता पुढची दाबली तरच मींड येईल.

श्रुतींसाठी मात्र सॉफ्टवेअर पुढे आहे. शुद्ध गंधार पाच-चतुर्थांश या प्रमाणात हवा असेल तर तो ३८६ सेंटला येतो, कीबोर्डचा ४०० ला, म्हणजे १४ सेंट चढा. सर्ज एक्सटी या प्लगइनमध्ये स्काला फाईल (स्वरांच्या जागा लिहिलेली) टाकली की प्रत्येक स्वर हवा तिथे बसतो. हार्डवेअरमध्ये कोर्ग मोनोलॉगसारख्या थोड्याच यंत्रांत अशी सोय आहे. तानपुऱ्यासारखा सा-प धरायचा असेल तर कोणताही दोन ऑसिलेटरचा अ‍ॅनालॉग चालतो. पंचम कानाने लावा, वाव-वाव पूर्ण थांबेपर्यंत. तो ७०२ सेंटला येईल, कीबोर्डच्या पंचमापेक्षा दोन सेंट वर, आणि त्या दोन सेंटांनी खोली भरल्यासारखी वाटते.

मंडपातल्या विजेवर काय लावायचं, काय नाही?

गावातल्या कार्यक्रमात वीज कुठून आली आहे ते आधी विचारा: डीपीवरून, शेजारच्या घरातून की जनरेटरवरून. मग मल्टिमीटर घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये २१० ते २४५ व्होल्ट हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. मोठा आकडा आला तर अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल ढिला आहे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर सॉकेटला ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. तेव्हा सिंथच काय, अ‍ॅम्प्लिफायरही जातात. जनरेटर चालू होताना आणि बंद पडताना यंत्र जोडलेलं ठेवू नका.

१०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला अ‍ॅडॉप्टर कमी-जास्त व्होल्टेज सोसतो. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेले जुने सिंथ सोसत नाहीत. व्होल्टेज १७० वर आलं की त्यांचा रेग्युलेटर धरत नाही, सूर थरथरतो, घुंऽऽ वाढते. त्यांना स्टॅबिलायझर किंवा ऑनलाइन यूपीएस हवा. घरचा साधा स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर लावलात तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. प्युअर साइन-वेव्हवालाच वापरा.

लाईट गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी पेटी) यूएसबीवर चालणारा असेल तरच. मेमरी नसलेल्या अ‍ॅनालॉगमध्ये नॉब जागेवर असतात, त्यामुळे आवाज परत मिळतो. मेमरीवाल्यात सेव्ह न केलेला पॅच गेला म्हणून समजा.

अ‍ॅडॉप्टरबद्दल एक सूचना. कोर्ग मिनीलॉगला ९ व्होल्ट, आतला दांडा पॉझिटिव्ह. बॉसच्या पेडललाही ९ व्होल्ट, पण आतला दांडा निगेटिव्ह. पिन सारखी दिसते. अंधारात अदलाबदल होते आणि यंत्र जळू शकतं. अ‍ॅडॉप्टरवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

जपान-अमेरिकेतून जुना सिंथ मागवला तर इथे चालेल का?

थेट लावू नका. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं. मागची पाटी वाचा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. रात्री आपल्याकडे व्होल्टेज २५० ला गेलं की तोच १२० देतो, आणि १०० व्होल्टचं जपानी यंत्र आत उकडतं. म्हणून १०० च्या यंत्राला १०० चाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या, वाइंडिंगच्या दुकानात करून मिळतो.

जुना ज्युनो-१०६ मिळतोय. काय तपासू?

हा सिंथ सुंदर आहे, पण त्याचं एक दुखणं प्रसिद्ध आहे. फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या ८००१७ए या सहा चिपवर रेझिनचं आवरण आहे, आणि ते वयानुसार वीज वाहू देतं. मग एखादा आवाज फुटतो, अडकतो किंवा गायब होतो. सहा आवाजांपैकी एकच बिघडला असेल तर दर सहाव्या स्वराला खरखर येते, आणि घाईत वाजवून बघणाऱ्याला ती कळत नाही.

तपासणी अशी: की-ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून यंत्र चालू करा. हा टेस्ट मोड. आता एकेक कळ दाबली की डिस्प्लेवर आवाजाचा क्रमांक दिसतो. सहाही क्रमांक एकेक करून ऐका, फिल्टर उघडून आणि बंद करून. प्रत्येक स्लायडर पूर्ण वर-खाली करा. बॅटरी आत झाळलेली सीआर-२०३२ असते. ती संपली असेल तर पॅच टिकत नाहीत. बदलताना तिथे होल्डर लावून घ्या.

चिपचा उपाय म्हणजे त्या काढून ते आवरण अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून उतरवायचं, किंवा नव्या पर्यायी चिप बसवायच्या. डीसोल्डरिंगचा हात साफ असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायरचा चांगला कारागीर हे करू शकतो, सर्व्हिस मॅन्युअलचं प्रिंट त्याच्या हातात द्या. असा कारागीर तुमच्या गावात नसेल तर जुना पॉलिफोनिक घेऊच नका असं आम्ही स्पष्ट सांगू. बीडहून मुंबई-पुण्याला एक फेरी, तिथे महिनाभर मुक्काम, आणि नेमकी त्यातच लग्नसराई येते.

प्लगइन वाजवताना उशीर लागतो, कटकट आवाज येतो. काय करू?

उशीर बफरचा, म्हणजे वाजवण्याआधी साठवलेल्या आवाजाच्या तुकड्याचा, असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७. त्यात इंटरफेसचा वेळ वेगळा. एकूण १० च्या वर गेलं की बोटांना कळायला लागतं. इंटरफेस कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका, बफर १२८ वर आणा, कटकट आली तर २५६.

कटकट थांबत नसेल तर पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’ला ठेवा, वायफाय बंद करा, प्लगइनमधले आवाज १६ वरून ६ वर आणा. ज्युनोलाही सहाच होते. मे महिन्यात आणखी एक कारण असतं: तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी घरी नीट चाललेला पॅच दुपारी मंडपात अडखळतो तो यामुळे. लॅपटॉप गादीवर किंवा मखमलीवर ठेवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या. स्टेजवर जड प्लगइन नेण्यापेक्षा त्याचा आवाज आधीच ऑडिओत उतरवून न्या.

आणि लायसन्स घरीच तपासा. काही प्लगइन अधूनमधून इंटरनेट मागतात, आणि सगळ्या गावांत रेंज नसते.

फुकटात सुरुवात कशाने करू?

सर्ज एक्सटी, ओबी-एक्सडी, टाल-नॉइजमेकर, आणि डीएक्स-७ च्या आवाजासाठी डेक्स्ड. अ‍ॅनालॉग आतून समजून घ्यायचं असेल तर व्हीसीव्ही रॅक: त्यात तारा स्वतः जोडाव्या लागतात, म्हणून डोक्यात पक्कं बसतं.

घुंऽऽ येते ती कशी काढायची?

५० हर्ट्झची जाड घुं असेल तर अर्थिंगचा फेरा आहे. सिंथ आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा, मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल वेगळा करणारी छोटी पेटी) घालून ग्राउंड-लिफ्ट दाबा. प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. ओल्या मंडपात त्याने माणूस जातो. बारीक किणकिण येत असेल आणि माउस हलवला की ती बदलत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष चार्जर-यूएसबीच्या ग्राउंडचा आहे. त्यालाही डीआय बॉक्सच लागतो.

धूळ, गुलाल आणि कूलर?

गुलाल स्लायडरमध्ये गेला की निघत नाही. मिरवणुकीत उघडा सिंथ नेऊच नका, तिथे मिडी कंट्रोलर न्या. तो बिघडला तरी परवडतो. घरी कूलरच्या झोतासमोर सिंथ ठेवू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. कूलरमधून उडालेले बारीक थेंब वाळले की पॅनेलवर पांढरी पूड बसते, तीच कळांखालच्या कॉन्टॅक्टवर आणि जॅकमध्येही. खरखरणाऱ्या नॉबला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर, कळांच्या रबरी कॉन्टॅक्टला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर धूळ चिकटते.

उष्णतेचा हिशेबही धरा: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या यंत्राचे पॉवर सप्लायचे कपॅसिटर आधी बदलून घ्या.

शेवटी घेऊ काय?

कार्यक्रमांवर पोट असेल तर लॅपटॉप, चांगला इंटरफेस आणि नॉबवाला कंट्रोलर, किंवा डिजिटल हार्डवेअर. घरी रेकॉर्डिंग करत असाल आणि आवाज घडवायला शिकायचं असेल, तर एक छोटा नवा मोनोफोनिक अ‍ॅनालॉग जरूर घ्या. बेस आणि लीडला तो वर्षानुवर्षं पुरतो, आणि त्यावर शिकलेला हात प्लगइनवरही चालतो. तो वॉरंटीत, भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या.

पॅच सांभाळून कसे ठेवायचे?

मेमरी नसलेल्या यंत्राच्या पॅनेलचा वरून सरळ फोटो काढा, तिरका नको, नॉबची रेघ चुकते. फोटोच्या नावात गाण्याचं नाव आणि पट्टी घाला: ‘बेस-काळी-दोन’. मेमरीवाल्याचे पॅच मिडीवरून सिस्टीम-एक्सक्लुझिव्ह फाईल करून संगणकात उतरवा. प्लगइनचे पॅच त्या प्लगइनच्या आवृत्तीच्या क्रमांकासह पेनड्राइव्हवर ठेवा, कारण आवृत्ती बदलली की कधीकधी आवाजही बदलतो. सीझन चालू असताना अपडेट टाकू नका. तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत संगणक आहे तसा ठेवा आणि अपडेट पावसाळ्यात करा.